घामाचा दाखला

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन जोडपं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही कशात आहात?" आयटीत, हॉस्पिटलात की बँकेत, एवढेच तीन पर्याय असतात. मी सांगायचे, "मी मास्कचा वास घेते." मग ती बाई नवऱ्याकडे बघायची, नवरा समोशाकडे बघायचा, आणि दोघं दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला जायची.

आता मास्क म्हटलं की लोकांना कोविड आठवतो. ते मास्क नव्हेत. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर जे शिरस्त्राण घालतो ते. पुढे पोलादी जाळी, वर फायबरग्लासचं कवच, त्यावर वाघ, कवटी, भुतं अशी रंगवलेली चित्रं, आत फोमची गादी आणि हनुवटीला कप. खेळातली चकती, म्हणजे पक, कडक रबराची असते. खेळाआधी ती फ्रीजरमध्ये ठेवतात आणि मग मोटारीच्या वेगाने माणसाच्या तोंडावर मारतात. हा खेळ लोक पोराबाळांना घेऊन बघायला जातात, मध्ये चिप्स खातात.

आणि अशा सामन्यात घातलेले, मार खाल्लेले, घामेजलेले मास्क गोळा करणारे लोक असतात. दोन हजारनंतरच्या वर्षांत तर त्यांना ऊतच आला होता. घरबसल्या इंटरनेटवर लिलाव होऊ लागले आणि जो तो संग्राहक झाला. मग खोटा माल आला, आणि खोट्या मालामुळे माझी नोकरी आली. नॉटिंगहॅममधल्या ग्रॅहमच्या लिलावघरात मास्क यायचा, तो खरंच सामन्यात वापरलाय का हे मी तपासायचे आणि सहीनिशी दाखला द्यायचे. मी तिथे कशी पोचले ती कथा कंटाळवाणी आहे. टायपिंगला लागले होते, एवढं पुरे. मास्कचा डबा उघडला की ऑफिसातले बाकीचे सगळे चहा करायला पळायचे. मी रत्नागिरीची, सुकटीच्या वासात वाढलेली. मला काहीच वाटायचं नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

काम तसं सोपं आहे. पक लागला की कवचावर काळा रबरी ओरखडा उठतो आणि तो वाट्टेल त्या कोनात असतो, कारण समोरचे काही नेम धरून एकाच जागी मारत नाहीत. गोलकीपर वैतागला की डोकं गोलच्या खांबाला आपटतो, त्याचा तांबडा रंग कडेला लागतो. पट्ट्याचं इलॅस्टिक सैल पडतं. आणि घाम. कपाळाच्या फोममध्ये मुरलेला, पिवळा होऊन मग तपकिरी झालेला घाम. बाकी सगळ्याची नक्कल होते, घामाची होत नाही. म्हणूनच ह्या धंद्यातला पहिला नियम असा की मास्क धुवायचा नाही. कधीही नाही.

नक्कल करणारे मात्र हिमतीचे. वॉटफर्डहून एक गृहस्थ आले होते. कोरा मास्क शिकंज्यात आवळून, गॅरेजमध्ये बसून, त्यांनी हातोडीने त्यावर पक ठोकला होता. सगळे ओरखडे एका रांगेत, वहीत रेघा माराव्यात तसे. फोमवर तपकिरी डाग होते. मी नाक लावलं.

"हा चहा आहे," मी म्हटलं.

ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "तो गोलकीपर चहाबाजच होता."

"कपाळाने प्यायचा का?" मी विचारलं. मग मात्र त्यांनी मास्क उचलला आणि गेले. जाताना माझ्याच उद्धटपणाची ग्रॅहमकडे तक्रार करून गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दुसरे एक होते, त्यांच्या बायकोने मास्क डिशवॉशरमध्ये घातला. मला तर ती बाई शहाणी वाटली. पण हे गृहस्थ माझ्यासमोर बसून हमसून रडले आणि म्हणाले, "हा पूर्वी घाण होता असा तरी दाखला द्या." त्यांना चहा पाजून पाठवून दिलं. वडील गेले तेव्हा एवढे रडले नसतील, असं ग्रॅहम म्हणाला.

पण ह्या सगळ्या जमातीचा राजा म्हणजे क्लाइव्ह. त्याच्या घरातली कपाटं मास्कनी भरलेली, बायकोचे कोट गाडीच्या डिकीत. पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय मास्कला हात लावणार नाही. स्वतः बर्फावर कधी उभा राहिला नव्हता, गुडघे नाजूक म्हणे. आमच्या भागातल्या एका रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या फॉयरमध्ये, दर्शनी दालनात, जुन्या गोलकीपरांचे मास्क मांडायला काचेचं मोठं कपाट करायचं ठरलं, तेव्हा निवड समितीचा प्रमुख अर्थातच क्लाइव्ह झाला. समितीने नियम केला की माझ्या दाखल्याशिवाय एकही मास्क आत जाणार नाही. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर काही दिवसांनी केव्ह आला. पन्नाशीचा, जाडजूड, बस चालवणारा माणूस. भाजीच्या पिशवीतून त्याने मास्क काढून टेबलावर ठेवला.

"विकायचा नाहीये, डक," तो म्हणाला. नॉटिंगहॅमला प्रेमाने कुणालाही डक म्हणतात, माझ्यासारख्या करवादणाऱ्या बाईलासुद्धा. "मला त्या काचेत जायचंय."

केव्ह आयुष्यभर दुसरा गोलकीपर होता. म्हणजे पहिल्याला काही झालं तर उतरायचं, नाहीतर बाकावर बसून टोपी घालून टाळ्या वाजवायच्या. कप फायनलच्या मध्यावर पहिल्याचा घोटा गेला आणि ह्याला थंड अंगाने उतरवलं. ह्याने पुढचा सगळा वेळ तोंडावर, छातीवर, मांडीवर मार घेतला आणि एकही पक आत सोडला नाही. शेवटच्या मिनिटात आपल्याच भिडूच्या स्केटला लागून पक आत गेला. कप गेला. तेव्हापासून त्याच्या गावात कुणी काही हातचं घालवलं, दुकानात कप जरी फोडला, तरी म्हणतात, "केव्ह केलास की रे!"

"माझ्या बसमध्ये चढतानासुद्धा म्हणतात," तो म्हणाला. "ज्यांचा तेव्हा जन्म नव्हता ती पोरं म्हणतात. बाकी किती अडवले ते कुणाला माहीत नाही. काचेत एक पट्टी लागली, त्यावर माझं नाव लागलं, तर निदान कुणी विचारेल तरी."

मी मास्क तपासला. एवढा खरा मास्क माझ्या हातात क्वचित आला होता. ओरखड्यांवर ओरखडे, डाव्या कानाजवळ तडा, जाळीची एक सळई आत वाकलेली, आणि घाम असा मुरलेला की फोम पुठ्ठ्यासारखा झालेला. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, दाखला मिळणार. फक्त फोटो काढायला चार दिवस लागतील. आमच्या दुकानात ओल होती, उजेडाचा पत्ता नव्हता, म्हणून फोटो मी घरी कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत काढत असे. मास्क घरी नेला.

घरी सासूबाई होत्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या, आणि नेमके नवरात्राचे दिवस. मी नवमीच्या दिवशी गावात कामाला गेले आणि दुपारी परत येऊन बघते तर कॉन्झर्व्हेटरीत पाट मांडलेला. त्यावर माझ्या नवऱ्याचा, शिरीषचा लॅपटॉप, त्याचा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, माझं भिंग, विळी, गाडीची किल्ली. मधोमध केव्हचा मास्क. प्रत्येकाला हळदकुंकू, वर सुपरमार्केटातली शेवंती. मास्कला जरा जास्तच लावलं होतं. ओलं कुंकू कपाळावरून ओघळून कवचाच्या चिरेत शिरलं होतं, तिथून आत फोममध्ये उतरलं होतं.

"आई! हे काय केलंत!"

"काय केलं म्हणजे? खंडेनवमी नाही का आज? ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची. तुझं ह्यावरच चालतं ना?"

"अहो, तो माझा नाहीये! गिऱ्हाइकाचा आहे!"

"मग काय झालं? त्याचंही पोट असेलच की."

मी ओल्या कापडाने टिपायला गेले आणि हात मागे घेतला. धुवायचा नाही हा नियम मीच सगळ्या इंग्लंडला शिकवत होते. टिपलं असतं तर कुंकवाबरोबर केव्हचा घामही आला असता. तसाच ठेवला. वाळल्यावर कुंकू काळपट तांबडं झालं.

केव्हला फोन केला. वाटलं होतं भडकेल. तो हसला. "ह्याच्यावर काय काय सांडलंय ते तुला सांगत नाही, डक. त्यात थोडं कुंकू." ग्रॅहमलाही सांगितलं. दाखल्याच्या मसुद्यात स्पष्ट लिहिलं: कपाळावरचा तांबडा डाग कुंकवाचा, सामन्यातला नव्हे. माझ्या दृष्टीने विषय संपला.

मग क्लाइव्ह दुकानात मास्क बघायला आला, केव्हलाही बोलावलं होतं. हातमोजे घातले, मास्क उचलला, आणि त्याचे डोळे कपाळावर थांबले. आवाज एकदम देवळात आल्यासारखा झाला.

"माय गॉड. हे रक्त आहे."

"क्लाइव्ह, ते—"

"मी होतो त्या फायनलला! मला आठवतंय! त्याचं कपाळ फुटलं होतं आणि तो खेळतच राहिला!"

केव्ह शेजारीच उभा होता. त्याचं कपाळ कधीही फुटलेलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

मी म्हटलं, "ते कुंकू आहे. माझ्या सासूबाईंनी लावलं. पूजेत."

क्लाइव्ह माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. रक्त जुनं झालं की असं काळपट होतं. चिरेत उतरतं. फोम ते शोषून घेतो. "हे सगळं तुम्हाला माहीत नसणं स्वाभाविक आहे," असंही म्हणाला. मी जन्मभर कुंकू लावतेय आणि हा मला कुंकू ओळखायला शिकवत होता! आणि गंमत बघा, संध्याकाळपर्यंत समितीतल्या आणखी दोघांनाही रक्त आठवलं. एकाला तर बर्फावर पडलेले थेंब आठवले. ज्या माणसाचं नाव वर्षानुवर्षं चेष्टेसाठी वापरलं, तो एका दुपारीत हुतात्मा झाला. क्लाइव्हने फोनवर ग्रॅहमला सांगितलं, मास्क कपाटात मधोमध ठेवू, खालून दिवा लावू. शनिवारी बैठक, तेवढा दाखला तयार ठेवा.

ग्रॅहम माझ्या टेबलाशी येऊन खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिला. "कुंकू शब्द काढून टाक. 'तांबडा डाग' एवढंच लिही. खोटं काहीच नाही त्यात."

"आणि क्लाइव्ह खाली पट्टीवर काय लिहिणार?"

"ते क्लाइव्हचं पाप."

"सही माझी आहे, ग्रॅहम."

त्या संध्याकाळी केव्ह बस डेपोत लावून थेट आमच्या घरी आला. युनिफॉर्मवरच होता. सासूबाईंनी त्याला पोहे दिले. त्याने ते निमूटपणे खाल्ले आणि प्लेट खाली ठेवून म्हणाला, "मी खोटं बोललो नाही. गप्प राहिलो, बस्स. तूही गप्प राहा ना."

"केव्ह, तुझा मास्क खरा आहे. तो ओरखडा खरा, तो तडा खरा, तो घाम खरा. मी ते सगळं लिहिते, दोन पानं लिहिते."

"घामासाठी कुणी काचेत ठेवत नाही, डक."

मला त्याची इतकी कणव आली की एक क्षण वाटलं, मरू दे, करू सही. पण मग त्या वॉटफर्डवाल्याच्या चहाला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? मी नाही म्हटलं. तो मान खाली घालून बसला. सासूबाईंनी मला विचारलं, हा रडवेला का झालाय. मी सांगितलं.

"अगं बाई! माझ्या कुंकवापायी?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मी येते शनिवारी. मीच सांगते त्यांना. देवाचं कुंकू लागलेलं आहे म्हटल्यावर का नाही ठेवणार?"

मी नको म्हणत होते. पण सासूबाईंना नको म्हणणं आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

शनिवारी रिंकच्या वरच्या खोलीत समिती बसली होती. क्लाइव्ह, ते दोन आठवणीवाले, बिस्किटं. सासूबाई काठापदराची साडी, वर शिरीषचं जाड जॅकेट आणि हातात कुंकवाचा करंडा अशा आत आल्या. केव्ह दाराशी उभा राहिला.

"नो ब्लड," सासूबाई म्हणाल्या. "कुंकू. माय हॅण्ड."

क्लाइव्ह हसला, मान तिरकी करून. म्हणाला, "व्हेरी स्वीट. पण मॅडम, रक्ताचा रंग वेगळा—"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतो हा?"

"विश्वास नाही म्हणतो."

"बरं," त्या म्हणाल्या. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बोट बुडवलं, करंड्यात घातलं, आणि क्लाइव्हला काही कळायच्या आत त्याच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये ठसठशीत टिळा लावला. वर ओघळ आला तो नाकापर्यंत सोडून दिला. "आता आरशात बघ म्हणावं. आणि शेजारी तो मास्क धर."

कुणी हसलं नाही, कारण हसायची सोय नव्हती. वाळू लागलेल्या ओघळाचा रंग मास्कवरच्या डागाच्या कडांशी तंतोतंत जुळत होता. आठवणीवाल्यांपैकी एक म्हणाला, आपल्याला आधीच शंका होती. क्लाइव्हने रुमालाने पुसलं, ते कपाळभर पसरलं. गोऱ्या कातडीवर कुंकू कसं चढतं ते मला माहीत आहे. रविवारी तो मुलीच्या सासरी जेवायला जाणार होता, तो गुलाबी होऊनच गेला असणार.

पण जिंकलो असं वाटायला मला अर्धं मिनिटसुद्धा मिळालं नाही. क्लाइव्ह रुमालाची घडी करत म्हणाला, "म्हणजे वस्तूत बाहेरून ढवळाढवळ झाली आहे. तसं असेल तर ही आम्हाला घेता येणार नाही. सॉरी, केव्ह."

"अहो, पण बाकी मास्क अस्सल आहे!" मी म्हटलं. "दाखला आहे माझा!"

"रक्त असतं तर प्रश्न नव्हता," तो म्हणाला.

म्हणजे माणसाचं डोकं फुटलं असतं तर चाललं असतं. कुणी बाईने हात जोडून त्याच्या हत्याराची पूजा केली, हे चालत नव्हतं. मी हे त्याला तोंडावर म्हटलं. त्याने बैठकीच्या मिनिट्समध्ये काहीतरी लिहून घेतलं.

केव्हने मास्क उचलून पिशवीत घातला. जिन्यावर मला म्हणाला, "गप्प राहणं जमलंच नसतं तुला, नाही?"

"नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. सासूबाई मागच्या सीटवरून पाठ थोपटत राहिल्या. खरं बोलून दुसऱ्याचं नुकसान केलं की त्या खऱ्याचा अभिमानही धड वाटत नाही. आजही मी तेच करीन, आणि आजही मला वाईटच वाटेल.

ख्रिसमसच्या आधी एका रविवारी कपाटाचं उद्घाटन झालं. आम्हालाही बोलावणं होतं, ग्रॅहमच्या फर्मचा मान म्हणून. वाइन, चीज, भाषणं. मधोमध, खालून दिवा लावलेला, त्याच फायनलच्या पहिल्या गोलकीपरचा मास्क. घोटा गेलेल्याचा. क्लाइव्हच्या स्वतःच्या संग्रहातला. मी काचेला नाक लावलं. फोम दुधासारखा पांढरा. पट्ट्याचं इलॅस्टिक ताठ, बकलवर एक चरा नाही. असे मास्क खेळाडू भिंतीवर टांगायला जास्तीचे करून घेतात. हा बर्फाजवळसुद्धा गेलेला नव्हता.

"क्लाइव्ह," मी विचारलं, "ह्याला घाम कुठेय?"

"किती सुंदर जपलाय ना?" तो म्हणाला.

"आणि दाखला?"

"मी स्वतः प्रमुख आहे, माझा मास्क समितीच्या माहितीतला आहे. त्याला लागत नाही." आणि तो फोटो काढायला गेला. मी ग्रॅहमला सांगितलं. ग्रॅहमने चीजचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "आपल्याला कुणी विचारलंय का?"

एवढ्यात सासूबाई दिसेनाशा झाल्या. फॉयरच्या दारातून आत रिंकवर डोकावले तर त्या गारठ्यात बर्फाच्या कडेच्या जाड प्लास्टिकला चिकटून उभ्या. आत रविवारची म्हाताऱ्यांची मॅच चालली होती, पोटं सुटलेले, धापा टाकणारे हौशी लोक. बघायला कुणीही नव्हतं. सगळे बाहेर मास्क बघत होते.

"तो बघ आपला," सासूबाई म्हणाल्या.

गोलमध्ये केव्ह होता. तोच मास्क, कपाळावर फिकट झालेलं कुंकू. एका टकल्या माणसाने जीव खाऊन पक मारला आणि तो थेट केव्हच्या कपाळावर बसला. आवाज असा झाला की मी डोळेच मिटले. केव्ह गुडघ्यावर गेला. पक बाजूला उडाला, गोल झाला नाही. त्याचे भिडू टाळ्या वाजवत पकच्या मागे गेले.

सासूबाई दोन्ही हातांनी प्लास्टिकवर थापा मारत ओरडल्या, "अहो! लागलं का? अगं, विचार त्याला, लागलं का!"

केव्ह उठला, डुलत कडेपर्यंत आला आणि मास्क डोक्यावर सरकवला. तोंड लालबुंद, घाम हनुवटीवरून गळत होता. "काय म्हणतायत त्या?"

"लागलं का विचारतायत."

तो सासूबाईंकडे बघत राहिला. कुणीतरी मागून त्याला हाक मारली, तरी हलला नाही.

"हो म्हणावं," तो म्हणाला. "लागलं. सांग त्यांना, दर वेळी लागायचं."